सरकारी झाकणाखालचा गोल्फ

श्यामकांत मोहरीलांनी घरामागच्या परसात गोल्फची हिरवळ करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना गोल्फ येत नव्हता. ही काही अडचण आहे असं त्यांना वाटलं नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर कालवे आखले होते, आणि पोहता त्यांना अजूनही येत नव्हतं.

निमित्त जावयाचं झालं. लेक ऋताचा नवरा अनिमेष पुण्याहून होळीला आला, तो येताना चेंडूंचा डबा आणि एक चकचकीत काठी घेऊन आला. हिला पटर म्हणतात, हिनं चेंडू मारायचा नसतो, नुसता ढकलायचा असतो, आणि निवृत्त माणसाला याहून सोयीचा व्यायाम नाही, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या कुणी दिली असती तर ती काठी माळ्यावर गेली असती. पण जावयाची भेट माळ्यावर टाकायची म्हणजे पुढच्या होळीला ती उतरवून पुसायची. मोहरीलांनी बैठकीतच एक चेंडू ढकलून पाहिला. तो गुळगुळीत फरशीवरून सुटला, सोफ्याखालून गेला आणि देवघरात बाळकृष्णाच्या पुढ्यात जाऊन थांबला. हा मोहरीलांना शुभशकुन वाटला. कुसुमताईंना वाटला नाही. देवासमोरून चेंडू उचलून त्या म्हणाल्या की हे जे काय आहे ते घराबाहेर.

बाहेर म्हणजे परसात. आणि परस कुसुमताईंचं होतं. तिथं त्यांची लाल भाजी होती, चेंच नावाची पालेभाजी होती, अंबाडी होती, दोडक्याचा मांडव होता आणि मधल्या मोकळ्या जागेत दर वर्षी कॉलनीतल्या मराठी घरांचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांचा पोळा, भरायचा. रायपूरच्या त्या कॉलनीत मोहरीलांना लोक ओळखायचे ते ‘लाल भाजीवाल्या काकूंचे मिस्टर’ म्हणून. माणूस कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त होतो आणि शेवटी एका पालेभाजीमुळे ओळखला जातो, ही गोष्ट मोहरीलांनी हसत सोसली होती. पण सोसली होती.

वाटाघाटी चार-पाच चहांपर्यंत चालल्या. ठरलं ते असं. तान्ह्या पोळ्यापर्यंत परस मोहरीलांचं. त्या दिवशी सगळ्या कॉलनीसमोर चेंडू भोकात गेला, तर परस कायमचं गोल्फचं. नाही गेला, तर परत भाजीचं, आणि काठी गाई हाकलायला. दरम्यान घरची भाजी बाजारातून आणायची ती मोहरीलांनी.

“आणि भोकात म्हणजे भोकात,” कुसुमताई म्हणाल्या. “जवळ गेला होता, जातच होता, वारा आला, असलं काही मी ऐकणार नाही.”

साक्षीदार म्हणून शेजारचे बुद्धभूषण गजभिये होते. रेल्वेत रूळ तपासण्यात हयात गेल्यामुळे त्यांच्या शब्दाला कॉलनीत वजन होतं. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, अट पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून दाखवली, “पब्लिकसमोर चेंडू छेदात गेला पायजे, बस,” आणि दोघांच्या तोंडाकडे बघून मान हलवली.

आता जमिनीविषयी. रायपूरकडच्या काळ्या चिकणमातीला कन्हार म्हणतात. कन्हार ही माती नसून स्वभाव आहे. उन्हाळ्यात ती रुसून अशी फाटते की भेगेत पाय जावा. पाणी दिसलं की फुगते, चपलेला धरते आणि चप्पल सोडत नाही. धानाला, म्हणजे भाताला, ती फार आवडते. गोल्फचं तिला कुणी विचारलं नव्हतं. मोहरीलांनी वाफे काढले, मांडव उतरवला, आणि कुसुमताई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून प्रत्येक रोपाला नावानं निरोप देताहेत की काय, असं वाटून त्यांनी त्या बाजूला पाठ केली.

सल्ले दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले. समोरचे यज्ञेश्वर हे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चिकणमातीत वाळू मिसळली की ती मोकळी होते, असं त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. आकृतीत मातीचे कण चपटे होते, वाळूचे गोल होते, आणि दोघांच्या मधून पाणी बाणाच्या रूपानं खाली जात होतं. कुसुमताईंचा सल्ला सोपा होता. पंडरीच्या बाजारात हिरवा गालिचा मिळतो तो अंथरा, नाहीतर मी परस शेणानं सारवून देते, चेंडू कसा मस्त घरंगळेल. गालिचा आणि शेण दोन्ही मोहरीलांनी झटकून टाकलं. सारवलेल्या अंगणात गोल्फ खेळलेला माणूस जावयाला फोटो काय पाठवणार?

वाळू आली, मिसळली, वर पाणी मारलं, धुमुसानं ठोकली. मग एप्रिलच्या उन्हानं आपलं काम केलं. चिकणमाती, वाळू, पाणी आणि भट्टी या चार गोष्टी एकत्र आल्या की काय होतं हे कुठल्याही वीटभट्टीवाल्याला विचारता आलं असतं. मोहरीलांच्या परसात एक अखंड वीट तयार झाली. बुद्धभूषणांनी तिच्यावर सवयीनं हातोडी वाजवून पाहिली, आवाज कान देऊन ऐकला आणि माल उत्तम असल्याचं सांगितलं. यज्ञेश्वरांनी आकृती परत मागून नेली.

आता या विटेत भोक पाडायचं होतं. कुदळ उसळून परत येत होती. शेवटी तारेच्या कुंपणाचे खांब पुरणाऱ्या माणसाकडून मोटरवर चालणारं गिरमिट आणलं. ते दुपारभर घरघरलं, मातीचा धुरळा गल्लीभर झाला आणि संध्याकाळी चेंडू आरामात मावेल असं एक देखणं, गोल भोक तयार झालं. मोहरीलांनी त्यात चेंडू हातानं टाकून पाहिला. टप्प असा आवाज आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटून ते त्या रात्री लवकर झोपले.

सकाळी वॉर्ड कार्यालयाचा माणूस दारात उभा होता. उन्हाळ्यात नवीन बोअर खोदायला बंदी असते. दुपारभर मशीन चाललं, तेव्हा कुणीतरी शेजारधर्म पाळला होता.

“कितना फुट गया?” त्यानं भोकाकडे बघत विचारलं.

“फुटात नाही, इंचात आहे.”

“फुट में बताइए न, सर. इंच का कॉलम नहीं है.”

मोहरीलांनी त्याला समजावलं की हे गोल्फचं भोक आहे, याला तळ आहे, पाण्याशी याचा काही संबंध नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. एप्रिलमध्ये जमिनीत भोक पाडायचं आणि पाणी नको म्हणायचं, असा माणूस त्याच्या नोकरीत आला नव्हता. तेव्हा मोहरीलांमधला अभियंता जागा झाला. भोक उथळ आहे हे सिद्ध करायला त्यांनी आतून बादली आणून त्यात पाणी ओतलं. ते लगेच काठोकाठ भरलं. कन्हार मातीतून पाणी खाली जात नाही हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर त्या माणसानं वाकून पाहिलं होतं.

“पानी तो एकदम ऊपर है, सर,” तो आदरानं म्हणाला. सगळ्या वॉर्डात नळांना करंगळीएवढी धार असताना या घरी पाणी जमिनीच्या पातळीवर होतं. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात म्हणून त्यानं भोकावर लोखंडी झाकण बसवलं, तार गुंडाळली, लाखेचं सील मारलं आणि सील तोडणं गुन्हा असल्याचं सांगून निघून गेला. जाताना त्यानं लाल भाजीचीही चौकशी केली. त्याची बायको इथूनच न्यायची.

पुढचे कितीतरी दिवस मोहरील त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिले. सील काढण्यासाठी बोअर नाही असं सिद्ध करायला हवं होतं. बोअर नाही हे बघण्यासाठी झाकण काढायला हवं होतं. आणि झाकणावर सील होतं. अर्जात वापराचा हेतू लिहायचा होता. पिण्यासाठी, सिंचनासाठी, कारखान्यासाठी, एवढेच हेतू सरकारला माहीत होते. मोहरीलांनी बाजूला ‘गोल्फ’ लिहिलं. टेबलावरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फाइल अशा साहेबांकडे पाठवली जे प्रशिक्षणाला गेले होते. आपल्या खात्यात आपण स्वतः हयातभर लोकांना ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असं सांगितलं, तेच वाक्य बाकावर बसून ऐकताना कसं लागतं, हे मोहरीलांना तिथं कळलं. लागत काही नाही. फक्त बाक कडक असतो.

मे महिन्यात वीट फुटली. कन्हारला वाळूचा सहवास सहन झाला नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा पडल्या. अधिकृत भोक बंद होतं आणि अनधिकृत भोकं मोजता येत नव्हती. सरावाला म्हणून ढकललेले चेंडू एकेक करून पृथ्वीच्या पोटात गेले. मोहरीलांनी एकदा आडून विचारून पाहिलं की लोकांसमोर चेंडू भेगेत गेला तर चालेल का. कुसुमताई भाजी निवडत होत्या. ती भाजी मोहरीलांनीच बाजारातून आणलेली होती आणि निम्मी किडकी निघाली होती. त्यांनी एक कीड उचलून दाखवली.

“साहेब, काहून जीव आटवून राहिले?” बुद्धभूषण कुंपणावरून म्हणाले. “तुमाले लेव्हल पायजे ना? मी माणूस देतो. अभनपूरचा बिसाहू. आमच्या बंगल्याचं अंगण त्यानंच केलं.”

बिसाहू आला. उंच, हसरा, डोक्याला गमछा. किती सपाट पाहिजे, असं त्यानं विचारलं. इथं मोहरीलांनी जी चूक केली ती पाटबंधारे खात्यातलाच माणूस करू शकतो. त्यांनी गोल्फचं नावच काढलं नाही. सपाटीची त्यांना ठाऊक असलेली एकच व्याख्या त्यांनी अभिमानानं सांगितली: पाणी सोडलं तर चारी कोपऱ्यांत सारखं उभं राहिलं पाहिजे, बोटभरही फरक नको.

“हव साहेब,” बिसाहू म्हणाला. “अइसनेच हो जाही.”

आणि तसंच झालं. त्यानं भोवती वीतभर उंचीचा बांध घातला, परस पाण्यानं भरलं, मातीचा लोण्यासारखा चिखल तुडवला आणि वरून फळी फिरवली. सरकारी सीलला तो घाबरून होता. झाकणाला धक्का न लावता त्यानं त्याच्यावरूनच चिखल पसरला. काम संपलं तेव्हा परसात आभाळ उतरलं होतं. चारी कोपऱ्यांत पाणी सारखं. मोहरील काठावर उभे राहून कितीतरी वेळ बघत राहिले. सगळ्या नोकरीत त्यांच्या हाताखाली इतकं समतल काम झालं नव्हतं. पाणी जाणार कुठून, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही, कारण नोकरीतही तो दुसऱ्या शाखेकडे असायचा.

पाणी थोडं उतरल्यावर त्यांनी दुकानातून आणलेलं विलायती गवताचं बी पेरलं. वरून बिसाहूनं गावाकडून आणलेलं कुजलेलं शेणखत पसरलं. मग पाऊस लागला, आणि काही दिवसांतच परस हिरवं झालं. साधं हिरवं नाही. असं दाट, असं ताजं की कुंपणाशी लोक थांबू लागले. मोहरीलांनी पंडरीहून गवत कापायचं यंत्र आणलं आणि दर रविवारी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पचपच करत ते फिरवायला लागले. कापावं तितकं ते फुटत होतं. एका दांड्याला पाच पाच दांडे. त्यांनी फोटो काढून अनिमेषला पाठवले. कुठलं गवत आहे, बाबा, असं त्यानं विचारलं. मोहरीलांनी लिहिलं, ‘विलायती. पण इथली हवा मानवली.’

कुसुमताई अलीकडे कुरकुर करत नव्हत्या. उलट खिडकीतून कौतुकानं बघायच्या आणि म्हणायच्या की बांध नीट ठेवा, पाणी कमी पडू देऊ नका. बायकोचं मन वळतंय, असं मोहरीलांना वाटलं. या वाटण्यात ते सगळा श्रावण सुखी होते.

भादव्याच्या तोंडाशी बुद्धभूषण आत आले. भिंतीलगतच्या पट्ट्यात यंत्र पोचत नव्हतं, तिथलं गवत कमरेपर्यंत वाढलं होतं. त्यांनी त्यातला एक दांडा हातात धरला, टोकाची लोंबी तळहातावर घेतली, मग मोहरीलांकडे बघितलं. वाईट बातमी देताना रेल्वेवाले जसा आवाज लावतात तसा लावला.

“साहेब, हे तं धान हाये.”

“असं कसं?”

“खतातून आलं असंल. तुमचं विलायती काही दिसून नाही राहिलं. पण धान एक नंबर हाये. दर हप्त्याला कापता तरी उठून राहिलं.”

मोहरील आत गेले. कुसुमताई पोळ्या करत होत्या. “तुला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

“आषाढापासून,” कुसुमताई म्हणाल्या. “तुम्ही इतके खुशीत होता. म्हटलं, पिकू द्यावं.”

त्याच आठवड्यात प्रशिक्षणाचे साहेब परत आले आणि फाइल हलली. वॉर्ड कार्यालयाचा तोच माणूस पाहणीला आला. त्यानं बांधावरून डोकावलं. घोट्याएवढं पाणी, त्यात हिरवं शेत, मध्ये एक बगळा. बोअर कुठं आहे असं त्यानं विचारलं. मोहरीलांनी खूप बोटं दाखवली, पण झाकण चिखलाखाली होतं आणि बूट काढायची त्या माणसाची तयारी नव्हती. त्यानं उभ्या उभ्याच शेरा लिहिला: जागेवर बोअर आढळला नाही. धान आढळले. प्रकरण बंद. अशा रीतीनं जो बोअर असल्याचं सरकारनं मोहरीलांना पटवलं होतं, तो नसल्याचंही सरकारनंच पटवलं, आणि आपण दोन्ही वेळा हजर होतो एवढंच समाधान त्यांच्या पदरात पडलं.

तान्हा पोळा तोंडावर होता. मोहरीलांनी बांध फोडून पाणी सोडलं, भिंतीलगतचा पट्टा कुसुमताईंनी हात लावू दिला नाही म्हणून तेवढा सोडला आणि बाकीचं धान अगदी बुडापर्यंत कापलं. मग पटरच्या टोकानं चिखल टोचत टोचत ते झाकण शोधत फिरले. ठण्‌ असा आवाज आला तेव्हा कॉलनीनं तो ऐकला. प्रकरणच बंद असल्यामुळे सील तोडायला हरकत नव्हती. आत स्वच्छ, गोल, न बुजलेलं भोक होतं. सरकारी झाकणानं ते सगळा पावसाळा जपलं होतं, आणि त्या खात्याविषयी मोहरीलांचं मत तिथल्या तिथं बदललं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दुपारपासून पोरं जमली. चाकांवरचे लाकडी बैल, त्यांच्या पाठीवर चमकीच्या झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. कुसुमताईंनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बोजारा म्हणून, म्हणजे बैल घेऊन येणाऱ्या लेकरांना द्यायचा खाऊ म्हणून, करंज्यांची परात तयार होती. बुद्धभूषणांची नात रुचिता आपला लाल बैल घेऊन सगळ्यांत पुढे उभी होती. बायका खुर्च्यांवर, पुरुष बांधावर. यज्ञेश्वर मागे उभे होते.

मोहरील पांढरी पँट घालून आले. गेल्या पाच महिन्यांत त्यांनी काय काय भोगलं हे त्या पँटला ठाऊक नव्हतं. चेंडू आणि भोक यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. त्यांनी गुडघे वाकवले, एक डोळा मिटला, श्वास सोडला आणि ढकललं. चेंडू निघाला. वर वाळलेल्या मातीची पापडी होती, खाली अजून कन्हारचा मूळ स्वभाव होता. अर्ध्या वाटेवर चेंडू थांबला, जरा विचार केल्यासारखा हलला आणि निम्मा आत रुतून बसला.

एक घुंगरू वाजलं तेवढं.

मोहरीलांनी काठी खाली ठेवली. वारा आला असं ते म्हणाले नाहीत. कुसुमताईंकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. त्यांचा चेहरा पाहून कुसुमताईंचा पदर उगीचच नीट झाला. त्यांनाही वाईट वाटलं, हे बुद्धभूषणांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मग तोरण सुटलं आणि बैल निघाले. रुचिताचा लाल बैल चार हात गेला आणि अडला.

“दादी, मेरा बैल फँस गया,” ती कुसुमताईंना म्हणाली. “आगे बॉल है.”

“थांब बाई,” कुसुमताई उठल्या. अंगावर पैठणीसारखं दिसणारं, सदर बाजारातून आणलेलं नवं लुगडं. चिखलात हात कोण घालणार? पडलेली काठी त्यांनी उचलली, केरसुणीसारखी धरली आणि चेंडू वाटेतून बाजूला करायला म्हणून खालून एक झटका दिला. चेंडू चिखलातून सुटला, पापडीवरून उड्या मारत गेला, भोकाच्या कडेवर एक गिरकी घेतली आणि टप्प झाला.

बांधावरचे पुरुष उभे राहिले. मोहरील भोकापाशी धावत गेले आणि आत बघत राहिले, जणू पाणी लागलं होतं.

निवाडा बुद्धभूषणांनी करायचा होता. त्यांनी चष्मा पुसला. अट त्यांनी स्वतःच म्हणून दाखवली होती, तीच पुन्हा म्हटली: पब्लिकसमोर चेंडू छेदात गेला पायजे. पब्लिक होती. चेंडू गेला. कोणी मारायचा हे ठरलं नव्हतं. “परस गोल्फचं,” ते म्हणाले. यज्ञेश्वरांनी टाळी वाजवली, आणि मोहरीलांना आयुष्यात पहिल्यांदाच एखादं बक्षीस मिळाल्यासारखं झालं. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती वाद घालील म्हणून त्यांनी दोन मुद्देही तयार ठेवले.

कुसुमताईंचं लक्षच नव्हतं. त्या भोकातून चेंडू काढून पुन्हा पहिल्या जागी ठेवत होत्या.

“जरा सरका,” त्या म्हणाल्या. “एकदा बघू द्या मला.”

परस गोल्फचं आहे. भिंतीलगतच्या पट्ट्यातलं धान दिवाळीला कापलं, कांडलं, आणि त्याची वाटीभर खीर झाली. अनिमेषला तिचा फोटो गेला. हिरवळ आता हरळीची आहे, तीही आपणहून आलेली. रोज सकाळी मोहरील पिशवी घेऊन बाजारात जातात आणि भाजीवालीशी घासाघीस करताना सहज सांगतात की आमच्या घरी गोल्फ चालतो. ते खोटं नाही.

परवा ते परत आले तेव्हा कुसुमताई लांबच्या टोकाला वाकून उभ्या होत्या.

“हलू नका,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “सावली पडते चेंडूवर.”

मोहरील जिथं होते तिथं, एक पाय पायरीवर आणि एक अधांतरी ठेवून थांबले. चेंडू निघाला, हरळीतून वळला, आणि टप्प झाला. टाळ्या वाजवायच्या म्हणून त्यांना लाल भाजीची पिशवी खाली ठेवावी लागली.